प्रोग्रॅमिंग लँग्वेजेसमधली पीएचडी: अर्ज कोणापुढे, पैसा कोणाचा

मशीन लर्निंगसाठी अर्ज करणारा आणि प्रोग्रॅमिंग लँग्वेजेससाठी, म्हणजे पीएलसाठी अर्ज करणारा, दोघं एकच फॉर्म भरतात आणि सारखीच फी देतात. पुढचा हिशेब मात्र वेगळा. नावाजलेल्या संगणकशास्त्र विभागातसुद्धा पीएलचे प्राध्यापक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, कित्येक ठिकाणी एकच. त्यातला प्रत्येक जण दर वर्षी विद्यार्थी घेतोच असं नाही, आणि घेतला तर एक, फार तर दोन. म्हणजे ज्या विद्यापीठाच्या नावाला भुलून तुम्ही अर्ज टाकलात, तिथे त्या वर्षी तुमच्या विषयाची एकही जागा नसू शकते. पोर्टल हे सांगत नाही. फी मात्र कापून घेतं.

एसओपी (अर्जासोबतचं उद्देशपत्र) म्हणजे काय, शिफारसपत्रं तीन लागतात, टोफेल-आयईएलटीएसचा स्कोअर दोनच वर्षं चालतो, जीआरईची अट बऱ्याच विभागांनी काढून टाकली आहे, हे तुम्हाला ठाऊक असणारच. ते इथे उगाळत नाही.

आधी पीएलमधलं नेमकं काय, ते ठरवा

‘मला लँग्वेजेस आवडतात’ हे वाक्य निवड समित्या दर वर्षी ढिगाने वाचतात आणि त्यातून त्यांना काहीच कळत नाही. पीएल म्हणवणारी माणसं एकमेकांचे पेपर वाचतातच असंही नाही. एका टोकाला टाइप थिअरी आणि सेमँटिक्सवाले, जे आग्डा, लीन किंवा रॉक या सिद्धता तपासणाऱ्या साधनांत सिद्धता लिहितात. रॉक म्हणजे पूर्वीचं कॉक. २०२५ मध्ये नाव बदललं, जुन्या पेपरांत जुनंच दिसेल. दुसऱ्या टोकाला कंपायलरवाले, ज्यांचे दिवस एलएलव्हीएम, एमएलआयआर यांसारख्या कंपायलर बांधायच्या साधनांत आणि बेंचमार्कच्या (वेग मोजण्याच्या चाचण्यांच्या) आलेखांत जातात. मधल्या पट्ट्यात व्हेरिफिकेशन, सेपरेशन लॉजिक, स्टॅटिक ॲनालिसिस, प्रोग्रॅम सिंथेसिस, ग्रॅज्युअल टायपिंग, प्रॉबॅबिलिस्टिक प्रोग्रॅमिंग. शिवाय माणसं भाषा प्रत्यक्षात कशी वापरतात याचा अभ्यास करणारेही आहेत. यातलं कुठलं काम तुम्ही पाच वर्षं रोज कराल, हे आधी ठरायला हवं. ते दोन महिन्यांच्या वाचनाने ठरतं, व्हिडिओ बघून ठरत नाही.

वाचायची रीत सोपी आहे. पॉपल, पीएलडीआय, आयसीएफपी आणि ऊप्सला या चार मोठ्या परिषदा. त्यांचे पेपर आता एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पीएसीएमपीएल या एकाच नियतकालिकात येतात (आयसीएफपी आणि ऊप्सला २०१७ पासून, पॉपल २०१८ पासून, पीएलडीआय २०२३ पासून) आणि ते वाचायला फुकट आहेत. गेल्या तीन वर्षांची सगळी शीर्षकं चाळा. साठ-सत्तर सारांश वाचा. त्यातल्या दहा-बारा पेपरांची प्रस्तावना नीट वाचा. पीएलच्या पेपरात तिच्या शेवटी ‘आम्ही काय केलं’ याची यादी बहुधा असतेच. जी यादी वाचून हेवा वाटेल, तो तुमचा विषय. लेखकांत पहिलं नाव बहुतेक वेळा विद्यार्थ्याचं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं असतं, पण सिद्धान्ताकडे झुकणाऱ्या काही पेपरांत नावं वर्णानुक्रमे लावतात. तेवढं बघून मगच कोण कोणाचा विद्यार्थी ते ठरवा.

एकाच माणसावर टांगलेला अर्ज

इथे जास्त वेळ घालवणार आहे, कारण चांगले अर्ज सगळ्यात जास्त इथेच पडतात आणि पडल्याचं कारण अर्जदाराला कधीच कळत नाही.

घडतं असं. एका प्राध्यापकाचे पेपर आवडतात. एसओपीची दोन पानं त्याच कामाभोवती विणली जातात. समितीत अर्ज वाचला जातो, चांगला वाटतो, आणि ज्याचं नाव घेतलंय त्याच्याकडे जातो. तो म्हणतो, ‘यंदा मी कोणाला घेत नाही.’ विभागातली दुसरी पीएलची प्राध्यापक कंपायलरवर काम करते. तिला त्या दोन पानांत आपल्या कामाचा एकही शब्द सापडत नाही, मग ती तरी कशाला हात वर करेल? फाइल बंद. तुमच्यापर्यंत येतं ते नेहमीचं नकाराचं पत्र, आणि ते वाचून माणूस स्वतःच्या लायकीवर शंका घेत बसतो. लायकीचा इथे प्रश्नच आला नव्हता.

म्हणून नाव लिहिण्याआधी त्या माणसाची तपासणी करा. दर माणशी अर्धा तास पुरतो.

त्याच्या पानावर होतकरू विद्यार्थ्यांसाठी काही लिहिलंय का ते आधी बघा. बरेच जण स्पष्ट लिहितात: यंदा घेतोय, घेत नाही, मेल करा, मेल करू नका. तो मजकूर कुठल्या वर्षाचा आहे तेही पाहा. तीन वर्षांपूर्वीचं ‘घेतोय’ आज काही कामाचं नाही. मग गटाच्या पानावर सध्याचे विद्यार्थी कोणत्या वर्षी आले ते पाहा. चार जण शेवटच्या वर्षात असतील तर जागा रिकामी होणार आहे. गेल्या वर्षीच तीन घेतले असतील तर यंदा कठीण. ताज्या पेपरांवर त्याच्या नावाखाली कुठली संस्था छापली आहे? विद्यापीठासोबत एखाद्या कंपनीचं नाव दिसलं तर तो रजेवर किंवा अर्धवेळ असू शकतो. विद्यापीठच बदललेलं असेल तर तुम्ही चुकीच्या पोर्टलवर आहात.

शेवटची तपासणी पैशाची, आणि ती जवळपास कोणीच करत नाही. अमेरिकेत एनएसएफ या सरकारी विज्ञान-निधी संस्थेचा अनुदान-शोध सगळ्यांना खुला आहे: नाव टाकलं की प्रकल्प, रक्कम, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख दिसते. युरोपीय संघाच्या अनुदानांसाठी कॉर्डिस ही साइट, ब्रिटनसाठी यूकेआरआय या तिथल्या सरकारी निधीसंस्थेचं गेटवे टू रिसर्च. अनुदान पुढच्या वर्षी संपतंय आणि नवीन काही दिसत नाही, तर त्या गटात टीएगिरीवर, म्हणजे शिकवण्यातल्या सहायकाच्या कामावर, दिवस काढण्याची तयारी ठेवा. नुकतंच ईआरसी (युरोपियन रिसर्च कौन्सिलचं अनुदान) मिळालं असेल तर ते साधारण पाच वर्षांचं असतं, आणि तो माणूस विद्यार्थी शोधतच असणार.

यातून निघणारा नियम असा: समिती प्रवेश देते अशा ठिकाणी, तुम्हाला खरोखर घेऊ शकतील अशी किमान दोन माणसं असतील तरच अर्ज करा, आणि एसओपीत दोघांच्याही कामाशी तुमचा दुवा वेगवेगळा दाखवा. एकच माणूस असेल तर त्याच्याकडून ‘यंदा घेणार आहे’ एवढं कळल्यावरच फी भरा. नव्याने लागलेल्या असिस्टंट प्रोफेसरांना लोक उगाच टाळतात. त्यांच्याकडे सुरुवातीचा निधी असतो, विद्यार्थ्यांची गरज असते, आणि सिद्धता अडली की ते शेजारी बसून सोडवतात. नामवंत मार्गदर्शकाची पंधरा दिवसांतून एकदा मिळणारी वीस मिनिटं त्यापेक्षा मोलाची असतात, हे मला पटत नाही.

रँकिंगबद्दल एकदाच सांगतो. सीएसरँकिंग्ज ही पेपर मोजून विभागांचा क्रम लावणारी साइट टेलिफोन डिरेक्टरीसारखी वापरा, कोणत्या विभागात पीएलची कोण माणसं आहेत ते शोधायला. त्यातला क्रम मनावर घेऊ नका. तिथे मूळ मोजणीत पीएलखाली पॉपल आणि पीएलडीआय धरतात. आयसीएफपी आणि ऊप्सला आपण उघडून टिक करावे लागतात, आणि ईसॉप या युरोपीय परिषदेतलं काम पीएलखाली मोजलंच जात नाही. आयसीएफपी ही फंक्शनल प्रोग्रॅमिंगचीच परिषद, म्हणून फंक्शनल प्रोग्रॅमिंगवाल्याला हा क्रम सरळ फसवतो.

मेल

अमेरिकेच्या पद्धतीत प्रवेश बहुधा समितीच्या हाती असतो. प्राध्यापकाचा शब्द वजनदार, पण शेवटचा नाही. युरोपात बहुतेक ठिकाणी प्राध्यापक जागेची जाहिरात देतो आणि नोकरीवर घेतो तसा घेतो. या जाहिराती टाइप्स-अनाउन्स या मेलिंग लिस्टवर आणि गटांच्या पानांवर वर्षभर येत राहतात, डिसेंबरची वाट पाहत नाहीत. तिथे मेल हाच अर्ज असतो, म्हणून जाहिरातीत सांगितलेली कागदपत्रं सांगितलेल्या क्रमाने पाठवा. एक पीडीएफ मागितली असेल तर एकच.

अमेरिकेतल्या प्राध्यापकाला मेल सप्टेंबर-ऑक्टोबरात करा, दीडशे ते दोनशे शब्दांचा. त्यात त्यांच्या एका पेपराबद्दल खरा प्रश्न, तुमच्या एका कामाचं दोन ओळींत वर्णन आणि दुवा, आणि शेवटी सरळ विचारणा: येत्या वर्षी नवीन विद्यार्थी घेणार आहात का? बायोडेटा सोबत. ‘तुमचं संशोधन अतिशय प्रेरणादायी वाटलं’ अशी सुरुवात असलेले मेल आता यंत्राने लिहिलेले समजून न वाचताच पुसले जातात. उत्तर आलं नाही तर तो नकार नव्हे. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

‘फंडेड’ या शब्दाच्या आत काय असतं

अमेरिकी ऑफरमध्ये चार गोष्टी वेगवेगळ्या शोधा: शिक्षणशुल्क माफ आहे का, स्टायपेंड किती, आरोग्यविमा कोण भरतं, आणि विद्यापीठाच्या किरकोळ फी कोणाच्या माथी. मग स्टायपेंड ९ महिन्यांचा की १२ महिन्यांचा ते बघा. ९ असेल तर उन्हाळ्याचे तीन महिने कशावर काढायचे ते लेखी विचारा. हमी किती वर्षांची आहे आणि कोणत्या अटीवर? पैसा फेलोशिप, टीए किंवा आरए यांपैकी एका वाटेने येतो. आरए (संशोधन सहायक) प्रकल्पाला बांधलेला असतो, टीए म्हणजे आठवड्याला साधारण २० तासांपर्यंतचं शिकवणं आणि तपासणं. पहिल्या वर्षी टीए असणं वाईट नाही. पाचही वर्षं टीए असेल तर पेपर कधी लिहिणार? एनएसएफची प्रसिद्ध पदवीधर फेलोशिप फक्त अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी आहे, बाकीच्यांनी तिच्या अर्जावर वेळ घालवू नये.

युरोपात बहुतेक ठिकाणी मास्टर्स आधी लागतं. जर्मनीत टीव्ही-एल ई१३ या वेतनश्रेणीचा करार असतो. तो १०० टक्के, ७५ टक्के की ५० टक्के ते जाहिरातीत वाचा, कारण पगार त्याच प्रमाणात मिळतो आणि काम मात्र पूर्णच असतं. नेदरलँड्समध्ये साधारण ४ वर्षांची नोकरी, पहिल्या वर्षाअखेर पुढे चालू ठेवायचं की नाही याची चाचणी. स्वीडनमध्ये ४ वर्षांचं शिक्षण, शिकवण्याचं काम धरून ५ पर्यंत. फ्रान्समध्ये ३ वर्षं, त्यामुळे तिथे विषय जवळजवळ ठरवूनच जावं लागतं. मास्टर्स नसेल तर साऱ्या युरोपावर काट मारू नका: जर्मनीतली मॅक्स प्लांक सॉफ्टवेअर सिस्टिम्स आणि ऑस्ट्रियातली आयएसटीए या संशोधनसंस्था पदवीनंतर थेट घेतात.

ब्रिटनची गोष्ट वेगळी आणि जास्त दगाबाज. तिथे देशातल्या आणि परदेशी विद्यार्थ्याची फी वेगळी असते. जाहिरातीत ‘पूर्ण निधी’ लिहिलेलं असतं, पण तो फक्त देशातल्या फीपुरता असू शकतो आणि फरक तुमच्या खिशातून जातो. यूकेआरआयच्या प्रशिक्षण अनुदानांत परदेशी विद्यार्थ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे. म्हणून पहिल्याच मेलमध्ये विचारा: ‘हा निधी परदेशी फीची पूर्ण रक्कम भरतो का?’ असं विचारायला लाजू नका. विचारणाऱ्याला कोणी लोभी समजत नाही. युरोपीय संघाच्या पैशावरच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागांना आणखी एक अट आहे: नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. ज्या देशात मास्टर्स केलं तिथलीच जागा घ्यायला निघालेले नेमके या अटीत अडकतात.

एसओपी

बालपणीचा संगणक नको. सोळा भाषा येतात हेही नको. एक प्रश्न घ्या आणि तो कुठे अडला ते लिहा. फरक बघा (एमएल ही इथे एक प्रोग्रॅमिंग भाषा, मशीन लर्निंग नव्हे):

‘मी एमएलसारख्या भाषेचा टाइप चेकर लिहिला.’

‘लेट-पॉलिमॉर्फिझम असलेल्या छोट्या भाषेत रेफरन्स घातल्यावर टाइप चेकरने पास केलेला प्रोग्रॅम चालताना फुटला, कारण रिकाम्या यादीच्या रेफरन्सला पॉलिमॉर्फिक टाइप मिळत होता. व्हॅल्यू रिस्ट्रिक्शन लावल्यावर ते थांबलं, पण पार्शल ॲप्लिकेशनच्या दोन चाचण्या, ज्या आधी बरोबर चालत होत्या, त्या आता नाकारल्या गेल्या. हा तोटा कमी करता येईल का, हे शोधताना…’

दुसऱ्यात नवीन संशोधन काहीच नाही, ही तर वर्गातली गोष्ट आहे. तरी वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस अडतो कुठे आणि अडल्यावर काय करतो. सिद्धतेचं काम असेल तर इंडक्शन हायपोथेसिस का पुरत नव्हता, बाइंडिंगसाठी डी ब्रॉइन इंडेक्स (चलांच्या नावांऐवजी आकडे) घेतल्यावर काय त्रास झाला, ते लिहा. कंपायलरचं असेल तर कोणत्या बेंचमार्कवर ऑप्टिमायझेशनने वेग उलट कमी केला, ते. ‘मी स्वतःची भाषा तयार केली’ हे वाक्य जपून. त्यामागे सेमँटिक्स किंवा निदान एखादा ठोस डिझाइनचा प्रश्न नसेल तर ते उलटतं.

विकतचे सल्लागार आणि तयार साचे यांपासून लांब राहा. त्यांना एमएसचा अर्ज कळतो, पीएचडीचा नाही. ज्याने कधी सिद्धता लिहिली नाही त्याने पॉलिश केलेली एसओपी गुळगुळीत होते, आणि त्यात नेमका तो अडलेला भागच उडालेला असतो.

शिफारसपत्रं

‘वर्गात पहिला आला, वागणूक उत्तम’ असं पत्र नुकसान करत नाही आणि कामालाही येत नाही. तीनांतली दोन तरी अशा माणसांची हवीत ज्यांनी तुम्हाला उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नाशी झगडताना पाहिलंय. कंपायलर टीममधल्या वरिष्ठाचं किंवा ज्यांनी तुमचे पॅचेस तपासले त्या मेंटेनरचं पत्रही चालतं, तपशील असेल तर. सहा आठवडे आधी सांगा. सोबत मुदतींची एक यादी, एसओपीचा मसुदा आणि ‘आपण मिळून काय केलं’ याची अर्धं पान टिपणं द्या.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं सर म्हणाले तर? नम्रपणे टिपणं पुढे करा, पत्र नको. स्वतः लिहिलेल्या पत्राची भाषा एसओपीशी जुळते, दोन पत्रं एकाच घाटाची निघतात, आणि शेकडो पत्रं वाचणाऱ्याच्या नजरेतून ते सुटत नाही. पत्र पाहण्याचा हक्क सोडण्याचा पर्याय फॉर्मवर असेल तर सोडा. नाहीतर पत्राला वजन राहत नाही.

पेपर नाही, संशोधन नाही, मग?

पॉपलचा पेपर खिशात घेऊन अर्ज करणारे फार थोडे असतात. थेट पदवीनंतर येणाऱ्यांकडून तशी अपेक्षाही नसते, तेव्हा या मुद्द्यावर झोप घालवू नका. करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंच फुकट आहे. एखाद्या पेपराचं आर्टिफॅक्ट (सोबत दिलेला कोड) उतरवून घ्या, चालवा, एक गृहीतक बदला, काय मोडतं ते लिहून काढा. छोट्या कॅल्क्युलसची (अभ्यासापुरत्या नमुना-भाषेची) टाइप सेफ्टी रॉक किंवा आग्डात स्वतः सिद्ध करा. जीएचसी (हॅस्केलचा कंपायलर), ओकॅमल, रस्ट किंवा एलएलव्हीएम या खुल्या प्रकल्पांच्या सोप्या इश्यूंपासून सुरुवात करा. ओरेगॉनच्या उन्हाळी शाळेची व्याख्यानं नेटवर आहेत. मोठ्या परिषदांबरोबर पीएलएमडब्ल्यू ही नवोदितांसाठीची कार्यशाळा होते. ती २०१२ च्या पॉपलपासून सुरू आहे आणि तिला जाण्यासाठी आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो. स्टुडंट व्हॉलंटियर झालात तर नोंदणी शुल्क वाचतं. विद्यार्थी संशोधन स्पर्धेत पदवीच्या मुलांचा गट वेगळा असतो.

मार्गदर्शनासाठी सिगप्लॅन-एम हा कार्यक्रम आहे, ओळखदेख नसताना संशोधकाशी गाठ घालून देणारा. तरीही माझं मत असं की अर्जाच्या बाबतीत सगळ्यात खरा सल्ला तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा पीएचडी विद्यार्थी देतो. वीस वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेले प्राध्यापक त्यांच्या काळातला रस्ता सांगतात. एमआयटी, सीएमयू अशा काही विभागांतले विद्यार्थी अर्जदारांची एसओपी वाचून अभिप्राय देतात. त्या योजनांची पात्रता वाचा आणि लक्षात ठेवा की त्यांची मुदत अर्जाच्या बरीच आधी संपते.

मुलाखत आणि ऑफर

अमेरिकेतल्या बहुतेक मुदती १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान. जानेवारी-फेब्रुवारीत अर्ध्या तासाचा कॉल येऊ शकतो. त्यात कोडी घालत नाहीत. तुमच्याच कामाबद्दल खोदून विचारतात. हेच सोप्या पद्धतीने का नाही केलं? ही अट काढली तर काय तुटेल? ‘माहीत नाही, पण असं तपासून बघेन’ हे उत्तर चालतं. थाप चालत नाही, कारण समोरच्याचं पोट प्रतिउदाहरणं शोधण्यावरच चालतं.

ऑफर आली की त्या गटातल्या किमान दोन विद्यार्थ्यांशी मार्गदर्शकाच्या गैरहजेरीत बोला, आणि जमलं तर सोडून गेलेल्या एकाशीही. पैसे कधी थांबले होते का, मसुद्यावर किती दिवसांत शेरे येतात, सरासरी किती वर्षं लागतात, हे विचारा. ‘छान आहेत’ एवढंच म्हणून गप्प होणाऱ्याकडे लक्ष द्या. उत्तरासाठी घाई केली जात असेल तर १५ एप्रिलचा ठराव आठवा: त्यावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक मदतीच्या ऑफरवर त्या तारखेआधी निर्णयाची सक्ती करत नाहीत. विद्यापीठ यादीत आहे का ते कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या साइटवर दिसतं. युरोपातल्या नोकऱ्यांना हा ठराव लागू नाही. तिथे दोन आठवड्यांची मुदत मिळाली तरी पुष्कळ, वाढवून हवी असेल तर कारण सांगून मागा.

ठरलं की नको असलेल्या ऑफर त्याच दिवशी नाकारा. पीएलमध्ये प्रतीक्षायादी दोन-तीन नावांची असते, आणि तुम्ही अडवून ठेवलेली जागा बहुधा त्या वर्षीची त्या गटातली एकमेव असते.